उजव्या अंगाला पळणाऱ्या आक्का

आक्का,

सगळ्यांना आधी वाटलं, मीच गेले.

हे तुम्ही ऐकलं असतंत तर कपाळावर हात मारून घेतला असतात आणि मग पदर तोंडाला लावून हसला असतात. त्या सकाळी बातमी फिरली ती अर्धीच फिरली. त्यांच्या घरातली बाई गेली, अचानक गेली. उरलेलं लोकांनी आपापल्या मनानं जुळवलं. या घरातली एक बाई रोज एका हातानं सायकल चालवते, डांबरी रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर असतात, टोमॅटोच्या पिकअप गाड्या नारायणगावच्या बाजाराला पोचायच्या घाईत असतात. मग गेलेली बाई दुसरी कोण असणार?

बेल्ह्याहून माझी आई जीप करून आली. फाटकापासूनच माझं नाव घेऊन रडत आली. मी दारात उभी होते. तिनं मला पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. मग माझ्या तोंडावरून, खांद्यावरून, या अर्ध्या हातावरूनही तिनं हात फिरवला. "बया, मला वाटलं तूच," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मला बघवला नाही. मागे ओसरीवर तुम्हाला ठेवलं होतं. मी बाजूला झाले तेव्हा तिला तुम्ही दिसलात. आणि मग ती पुन्हा रडायला लागली, पण ते रडणं वेगळं होतं. तिचा काही दोष नाही हे मला कळतं. तरी अजून मी तिच्याशी नीट बोललेली नाही.

कारण मीसुद्धा तेच धरून चालले होते. काही व्हायचं असेल तर ते मला होईल. माझ्याकडे एक हात, तुमच्याकडे दोन. मी रस्त्यावर, तुम्ही घरात. तुम्हाला काही होईल हे माझ्या मनाच्या वाटेवरही कधी नव्हतं, आक्का. तुम्हाला साधा ताप आलेला मला आठवत नाही.

सकाळ तर रोजच्यासारखी होती. आदल्या दिवशी आपलं भांडण झालं होतं, एवढंच. अंगणवाडीच्या महिन्याच्या मीटिंगला घोडेगावला जायचं होतं आणि मी म्हणाले, या वेळी एसटी नाही, सायकलनं जाते, डांबरी रस्त्यानं. तुम्ही पीठ मळता मळता थांबलात.

"कालव्यानं जा की."

"कालव्यानं लई लांब पडतं, आक्का. वळसा आहे."

"पडू दे लांब. डांबरीला न्हाई जायचं."

"किती वर्षं झाली मला सायकल चालवून?"

"रस्त्याला काय म्हाईत, तुला किती वर्सं झाली ते?"

मग मी चिडून म्हणाले की मी काही लहान पोर नाही, आणि अंगणवाडीतली पोरंसुद्धा माझ्यापेक्षा मोकळी आहेत. तुम्ही पुन्हा पीठ मळायला लागलात. रात्री ताट वाढलंत, मीठ वाढलंत, पण बोलला नाहीत. आपल्या घरात तुम्ही गप्प राहिलात की भांड्यांचा आवाजसुद्धा मोठा वाटतो.

सकाळी मी सायकल बाहेर काढली, पिशवी मागच्या कॅरियरला बांधली. तुम्ही ओट्यावर मेथी निवडत होतात. मी फाटकापाशी पोचले तेव्हा तुम्ही हाक मारलीत.

"वैशे, येताना..."

मी वळून पाहिलं. तुम्ही भिंतीला डोकं टेकवून बसला होतात. मला वाटलं, विचार करताय. येताना काय आणायचं ते आठवताय. मी म्हणाले, "येताना काय?" मी चक्क वाट पाहत उभी राहिले. मग तुमच्या मांडीवरची मेथी सरकून खाली पडली आणि तुम्ही ती उचलली नाहीत.

सायकल मी कुठे टाकली मला आठवत नाही. एवढं आठवतं की तुम्हाला आडवं करायचं होतं आणि मला ते एका हातानं जमत नव्हतं. तुमच्या पाठीमागे हात घातला की मान पडायची, मान धरली की अंग घसरायचं. शेवटी मी खाली बसले आणि तुम्हाला माझ्या अंगावर घेतलं. ओरडले, तेव्हा शेजारच्या पारूबाई आल्या. मग दादा शेतातून आले. मग जीप. मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, वाटेतच गेल्या, कदाचित घरातच. हृदय बंद पडलं. त्यांनी ते इतक्या हळू सांगितलं की दादांनी पुन्हा विचारलं, "काय म्हणाले?" आणि ते मला सांगावं लागलं. दादा माझ्याशी थेट कधी फार बोलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. तुमचे मालक, माझे मोठे दीर. इतक्या वर्षांत मी त्यांना सांगितलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती ठरली.

येताना काय, आक्का? येताना कालव्यानं ये? की येताना डांबरीनंच ये, लवकर ये? राग गेला होता की तसाच होता? की नुसती कोथिंबीर हवी होती? हे आता मला कधीच कळणार नाही, आणि या गोष्टीवर माझा अजून विश्वास बसत नाही. माणूस वाक्याच्या मध्ये जाऊ शकतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

*

भेटायला बायका येतात. बसतात, चहाला नको म्हणतात, मग घेतात. तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. परवा पारूबाई म्हणाल्या, आणि त्या काही वाईट मनानं म्हणाल्या नाहीत, "लई केलं बाई तिनं तुझ्यासाठी. तिच्या मनाला खात व्हतं ना. बटन बंद कराया तीच व्हती त्या दिवशी. म्हणून तर येवढी तुझ्या सायकलीमागं पळली."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. म्हणजे हे गावात सगळ्यांना कधीपासून माहीत होतं, सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. मी कपबश्या उचलून आत गेले.

तर आता तुमच्याशीच बोलते.

त्या दिवशी गोठ्यात कडबाकुट्टीच्या मशिनला मी वैरण लावत होते. एरवी ते काम तुमचं. तुम्ही मक्याचे भारे सोडून मला देत होतात. ओला मका अडकला आणि मी तो हातानं पुढे ढकलला. पुढचं मला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. मशीनचा आवाज बदलला, आणि मग मशीन थांबली. बटण गोठ्याच्या त्या टोकाला, भिंतीवर. ते तुम्ही बंद केलंत. मशीन थांबली, आक्का, मला एवढंच ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले होते, अजून जरा वेळ गेला असता तर कोपरही गेलं असतं. कोपर आहे. या कोपरात मी पिशवी अडकवते, मूल धरते, दार लोटते. हे तुम्ही वाचवलंत.

मी तुम्हाला हे सांगितलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. दर वेळी तुम्हाला काहीतरी काम आठवायचं. "भाजी करपली बघ," म्हणायचात आणि उठायचात. चुलीवर भाजी नसायची, तरी उठायचात.

*

सायकलचं खूळ माझंच होतं. घरी सगळ्यांनी समजूत घातली होती. हे चाकणला कंपनीत, शिफ्ट कधी दिवसाची कधी रात्रीची, मला सोडायला कोण येणार? अंगणवाडी कालव्यापलीकडच्या वाडीत. जीप मिळाली तर मिळाली. नोकरी सोड, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण सगळे त्या शब्दाच्या आसपास फिरत होते. तेव्हा मी म्हणाले, शाळेत जाताना सायकल चालवत होते, आताही चालवीन. ह्यांनी हसण्यावारी नेलं. दादा उठून बाहेर गेले. तुम्ही म्हणालात, "ब्रेकाचं काय?"

फक्त तुम्हीच तो प्रश्न विचारलात. येईल का, पडशील का, लोक काय म्हणतील, हे नाही. ब्रेकाचं काय.

घोडेगावच्या दुकानात सायकलवाला म्हणाला, "ताई, तीनचाकी घ्या ना. कशाला रिस्क?"

तुम्ही म्हणालात, "तिला दोन चाकं बास हायेत. तू फकस्त दोन्ही ब्रेक डाव्या अंगाला आन."

त्यानं डोकं खाजवलं. मग दोन्ही वायरी एकाच दांडीला जोडल्या, घंटी डाव्या अंगठ्याजवळ घेतली, सीट खाली केली, म्हणजे बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकतील. तुम्ही पाय टेकतात का ते स्वतः बसून पाहिलंत. सायकल तुम्हाला कधीच येत नव्हती. दुकानात चार माणसं उभी होती, तुम्ही लुगडं सावरून सीटवर बसलात, दोन्ही पाय टेकवलेत आणि म्हणालात, "बरोबर हाय."

कालव्याचा रस्ता आपण निवडला कारण तो सपाट आणि तिथे गाड्या नाहीत. पण जाताना पाणी उजव्या अंगाला. माझा हात नाही तोही उजवाच. तेव्हा तुम्ही ठरवून टाकलंत की तुम्ही उजवीकडून पळणार, माझ्या आणि पाण्याच्या मध्ये. तुमच्या लेकीचे, ताईचे, शाळेचे पांढरे बूट घालून, लुगडं वर खोचून, एका हातानं कॅरियर धरून.

तुम्हाला सायकल येत नव्हती म्हणून तुमच्या सगळ्या सूचना चुकीच्या होत्या. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही असं नाही, रोज सांगत होते.

"घट्ट धर!" तुम्ही मागून ओरडायचात.

मी घट्ट धरायचे. घट्ट धरलं की हँडल डावीकडे ओढलं जायचं, चाक वळायचं, आणि आपण दोघी शेताच्या बांधावर. किती दिवस आपण अशा बांधावर गेलो. एकदा तर कुणाच्या तरी कांद्यात जाऊन पडलो आणि त्या शेतकऱ्यानं लांबून हात जोडले.

हळूहळू मला कळत गेलं. एका हातानं हँडल धरायचं नसतं, त्याच्यावर हात नुसता ठेवायचा असतो. कोपर सैल. ताठ बसायचं, भार सगळा सीटवर, हातावर नाही. पुढे वाकलं की संपलं. वळायचं ते कमरेनं. आणि नजर चाकावर नाही, लांब कुठेतरी, पुढच्या मोरीच्या कठड्यावर. चाकाकडे पाहिलं की चाक थरथरतं. सगळ्यात अवघड काय होतं ठाऊक आहे? वेग नव्हे. हळू जाणं. सुरुवातीचा पहिला अर्धा पायंडल. तिथे सायकल काहीच मदत करत नाही, तिथे सगळं आपणच. पहिला जोर पायानं जमिनीला द्यायचा आणि सायकलवर विश्वास ठेवायचा. मला तो ठेवता येत नव्हता. मी हातावर विश्वास ठेवायचे, आणि हात एकच होता.

हे सगळं मी तुम्हाला परत येताना सांगायचे. कारण परत आपण चालत यायचो, सायकल हातात धरून. आठवतं? मी म्हणायचे, परतही चालवत जाऊ. तुम्ही म्हणायचात, "परत जाताना पानी डाव्या अंगाला येतंय. मग मी कुठल्या अंगाला पळू?"

"डाव्या."

"आन उजव्याला कोन?"

म्हणून जाताना सायकल आणि येताना चालणं. त्या चालण्यात तुम्ही मला तुमच्या माहेरचं सांगितलंत. लग्नात रुसून बसलेली आत्या, विहिरीत पडलेली कळशी, दादा तुम्हाला बघायला आले तेव्हा त्यांनी चहाची कपबशी उलटी केली ते. आधी इतकी वर्षं आपण एका घरात, एका चुलीवर राहत होतो, पण बोललो ते त्या रस्त्यावर. मला तर वाटतं, सायकल जरा उशिरा आली असती तरी चाललं असतं.

तुम्ही कॅरियर सोडत नव्हतात, हे खरं दुखणं. सगळीकडे लोक सांगतात की शिकवणारा गुपचूप हात सोडतो आणि शिकणाऱ्याला कळतही नाही. तुमचं उलटं. मी म्हणायचे, सोडा आता. "नाय सोडत." आक्का, सोडा, मला जड होतं. "होऊ दे जड." शेवटी तुमच्या बुटाची नाडी सुटली, ती चाकात नाही गेली हे नशीब, पण तुम्ही अडखळून खाली बसलात आणि मी पुढे गेले. मला वाटलं, आज तुम्ही किती हलक्या पळताय. मोरीपर्यंत गेले, मोरी ओलांडली. मग मागे वळून न बघताच कळलं की मागे कुणी नाही. आणि तेव्हा दुसरी गोष्ट कळली. थांबायचं कसं ते आपण शिकलोच नव्हतो. थांबवायचं काम नेहमी तुमचंच. मी ब्रेक दाबला, पाय टेकायला विसरले आणि आरामात गवताच्या गंजीत गेले.

तिथून पाहिलं तर तुम्ही रस्त्याच्या मधोमध बसला होतात. गुडघा फुटला होता, एक बूट पायात, एक हातात. मला वाटलं, रडताय. पळत आले तर तुम्ही हसत होतात. इतक्या की बोलता येत नव्हतं. "गंजीत," एवढाच शब्द तुम्हाला सुधरत होता.

पारूबाईंना हे मी कसं सांगू? मनाला खाणारी बाई अशी हसते का?

आणि तरीही, आक्का, त्या म्हणाल्या ते माझ्या डोक्यातून जात नाही. कारण मला सायकल आली, दोन्ही बाजूंनी आली, पाणी डावीकडे असो की उजवीकडे, तरी तुम्ही पळायच्या थांबला नाहीत. कॅरियर सोडलंत, पण मोरीपर्यंत रोज सकाळी माझ्या उजव्या अंगाला पळत यायचात. तो सगळा हिवाळा, नंतरचा उन्हाळा. मी म्हणायचे, आता कशाला. तुम्ही म्हणायचात, "अजून तुझी मान डुलतीया." माझी मान डुलत नव्हती. पुढे तुमचे गुडघे दुखायला लागले तेव्हाच तुम्ही थांबलात, आणि त्यानंतर फाटकापर्यंत यायला लागलात. मला कधी कधी या पाळतीचा राग यायचा. भांडणाच्या दिवशी आला तोही तोच राग होता. आणि आता पारूबाई म्हणतात त्याप्रमाणे ती पाळत म्हणजे नुसता दंड असेल, तुम्ही स्वतःला दिलेला, तर मी इतकी वर्षं एका बाईच्या दंडावर स्वार होऊन कामाला जात होते. हे मला सहन होत नाही.

*

तेराव्यानंतर मी कामावर निघाले. सायकल सोप्यात उभी होती. कुणी आणून ठेवली माहीत नाही, पिशवीही बांधलेलीच. फाटकाबाहेर आले, पाय टाकला, आणि पडले. सपाट रस्त्यावर. एकही गाडी नव्हती. उठले, पुन्हा बसले, पुन्हा तसंच. हात आपोआप हँडलवर आवळत होता. मला कळत होतं की सोडायला हवा, कोपर सैल हवं, नजर लांब हवी, सगळं ठाऊक होतं. अंगाला ठाऊक नव्हतं. अंग पार बावचळून गेलं होतं, आक्का. मी रडत नव्हते. तुम्ही गेल्यापासून मी रडलेलीच नव्हते, सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या तरी.

त्या दिवशी चालत गेले. दुसऱ्या दिवशी सायकल हातात धरून कालव्यावर गेले, जिथून आपण सुरुवात केली होती तिथे. सीट खाली केली. दोन्ही पाय टेकवून नुसती सायकल पुढे ढकलली, पायंडल न मारता. मग एक पाय वर. मग अर्धा पायंडल. दोनदा बांधावर गेले. उजवीकडे पाणी होतं आणि मध्ये कुणी नव्हतं. तिकडे बघायचं नाही असं ठरवलं तर मान तिकडेच वळायची. एकदा इतकी वळली की मी उडी मारूनच उतरले आणि सायकल पाण्याच्या अगदी काठावर आडवी झाली.

दादा तिथे होते. आपल्या पाण्याच्या मोटारीपाशी, पाइप जोडत. ते सगळं पाहत होते हे मला माहीत नव्हतं. ते आले, त्यांनी सायकल उचलून रस्त्यावर उभी केली आणि पुन्हा मोटारीकडे गेले. मला वाटलं, झालं. पण ते तिथूनच, पाइपकडे बघत बोलायला लागले.

"पारूबाई काय म्हनल्या ते मला कळलं."

मी हँडलवरची माती पुसली.

"मी बी तिला इचारलं व्हतं. म्हनलं, वैशालीला आता येतीया सायकल, तू कशापायी पळतीस? लोकं हसत्यात. म्हनली, हसू द्या."

त्यांनी पाइपाला फडकं गुंडाळलं. मला वाटलं, एवढंच सांगायचं होतं.

"म्हनली, त्या दिवशी मशिनपाशी माझं पायच उचलंनात. लगीन झाल्यापून पळालेच न्हाई मी. चालले, लगबग केली, डोक्यावर भारं घेऊन हिंडले. पळाले न्हाई. बाईमानूस कुठं पळतं? पायच इसरले व्हते."

"आक्का वेळेवर पोचल्या होत्या, दादा," मी म्हणाले. "मी त्यांना सांगितलं होतं."

"ते तिला न्हाई पटलं कधी." त्यांनी फडक्याची गाठ आवळली. "सुरवातीला रडायची. घरी आली की न्हाणीत जाऊन रडायची, मला कळायचं. पन मग ते ऱ्हायलं. नंतर येगळंच. सकाळी मला च्या द्यायची इसरायची. म्हनायची, लई बरं वाटतं वो पळताना, आता काय मी थांबत न्हाई. बूट लपवून ठिवले व्हते मी एक डाव. दिवसभर बोलली न्हाई माझ्याशी."

दादा हे सांगताना हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मग त्यांनी मोटार सुरू केली आणि त्या आवाजात बोलणं शक्य राहिलं नाही. मला वाटतं त्यासाठीच सुरू केली.

मी सायकलजवळ उभी राहिले. मला बसायचं होतं, पण बसवेना. मग मी सायकल स्टँडवर लावली, चपला काढल्या आणि पळाले.

आक्का, हात गेल्यापासून मीही पळाले नव्हते. एक हात नसला की पळताना अंग एका बाजूला ओढलं जातं, म्हणून मी चालायचे. चालताना कळत नाही. सुरुवातीला मी तशीच तिरकी पळत होते, पाण्याच्या बाजूनं, तुम्ही पळायचात तिथून. मग खांदा आपोआप मागे गेला, हे अर्धं कोपर हलायला लागलं, आणि अंग सरळ झालं. मोरी आली, मागे गेली. लुगडं सुटायला आलं ते मुठीत धरलं. पोटात कळ यायला लागली. वाडीतली एक बाई हंडा घेऊन समोरून येत होती, ती बाजूला झाली आणि बघत राहिली. मी थांबले नाही. श्वास संपला तिथे थांबले, दोन्ही गुडघ्यांवर वाकले, म्हणजे एका गुडघ्यावर हात आणि दुसऱ्यावर कोपर.

तेव्हा रडू वर आलं. इतक्या दिवसांचं सगळं वर आलं, घशापर्यंत. पण आलं तसं तिथेच अडलं, कारण श्वासच नव्हता. छाती नुसती भात्यासारखी वरखाली होत होती. धाप लागलेल्या माणसाला रडता येत नाही, हे मला तिथे कळलं. तुम्हाला ते त्या हिवाळ्यातच कळलं असणार.